मोठ्याने म्हणायची प्रार्थना

उद्या २८ जानेवारी. संध्याकाळपासून आमच्या घरी संत गोन्सालो गार्सियाची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होईल. आईने आज दुपारीच तसबिरीची काच पुसून ठेवली. तसबीर आजीच्या वेळची. एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली, पाणी आत शिरलं आणि कागदाच्या कडेला तपकिरी डाग पडले ते पडलेच. पण त्याचा चेहरा, अंगातला झगा, कमरेची तीन गाठींची दोरी आणि छातीशी धरलेला क्रूस अजून नीट दिसतात. ती दोरी फ्रान्सिस्कनांची, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या संन्याशांची. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या तीन गाठी. लहानपणी मी काचेवर बोट ठेवून त्या गाठी मोजायची आणि आजी हातावर चापट मारायची.

आजीला आम्ही मोठी आय म्हणायचो. तिन्हीसांजेला देवळाची घंटा झाली की तिचं हातातलं काम खाली. चर्चला आमच्या वसईत जुनी माणसं देऊळच म्हणतात. मी सवयीने तेच लिहिणार. पाय धुऊन सगळी मुलं अल्तारापुढे, मग रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पाच रहस्यं, मरियामातेची लितानी, मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना, आणि सगळं झाल्यावर, गुडघे दुखायला लागलेले असताना, एक प्रभूची प्रार्थना आणि एक नमो मरिया "आपल्या गोन्सालोला". ही दोन मात्र मोठ्याने म्हणायची. रोजरीत कुणी पुटपुटलं तर ती कानाडोळा करायची, पण इथे नाही. "तोंडातल्या तोंडात म्हटलेलं तुला तरी ऐकू येतं का?" असं म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. तिच्या सासूने तिला असंच शिकवलं होतं, एवढंच तिला माहीत होतं.

मला त्याचं कारण सापडायला वयाची चाळिशी उलटावी लागली.

त्याआधी गोन्सालो माझ्यासाठी काय होता? वसईतल्या कॉलेजचं नाव. सणाच्या मिरवणुकीत पुढे चालणारा पुतळा. "वसईचा संत, जपानमध्ये मेला" हे एक वाक्य, जे वसईच्या प्रत्येक ख्रिस्ती पोराला येतं आणि ज्याच्या पुढचं फारसं कुणाला येत नाही. मलाही येत नव्हतं. मोठी आय गेल्यावर तर रोजरीनंतरची ती दोन प्रार्थनाही आमच्या घरातून हळूहळू गळून पडली. मी नोकरीला लागले होते, पाळ्या बदलायच्या, रात्रपाळी असली की तिन्हीसांज गाडीतच जायची. कुणी ठरवून बंद केली नाही. पण बंद पडली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मी नर्स आहे. नोकरीची बरीच वर्षं पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी भागातल्या एका छोट्या दवाखान्यात गेली. तिथे येणारी माणसं बहुतेक वारली आणि कातकरी. डॉक्टर बाहेरून आलेले, कुणी उत्तरेकडचे, कुणी दक्षिणेकडचे, हिंदी बोलणारे. मध्ये आम्ही. नर्सचं निम्मं काम सुईचं आणि निम्मं जिभेचं, हे मी तिथे शिकले. डॉक्टर विचारतात, "बुखार कब से है?" आई म्हणते, बाजाराच्या दिवसापासून. आता तिच्या गावाचा बाजार कुठे भरतो, कुठल्या वारी भरतो, हे मला माहीत असेल तरच त्याचे पाच दिवस होतात. नाहीतर डॉक्टरांच्या कागदावर काहीतरी भलतंच उतरतं आणि औषधही भलतंच होतं.

अशीच एक रात्र. वर्षभराचं पोर, जुलाब आणि उलट्या, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि मला म्हणाले, यांना सांगा, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्यायचं, रात्रीच. मी बापाकडे वळले. त्याच्या पायात चप्पल नव्हती. खिशात काय असेल ते मला दिसत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "जमलं तर आजच घेऊन जा." डॉक्टरांनी "जमलं तर" म्हटलं नव्हतं. ते दोन शब्द माझे होते. मला त्याची कीव आली म्हणून मी ते घातले. त्याला जमलं नाही. त्याने सकाळपर्यंत वाट पाहिली. पोर वाचलं, पण फार दिवसांनी आणि फार हाल होऊन. मला कुणी जाब विचारला नाही, कारण मी काय बोलले ते कळणारं माणूस त्या खोलीत मी एकटीच होते.

त्या दिवसांत मी मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, जायची पण माझी प्रार्थना होत नव्हती. आमच्या ओळखीच्या एक वयस्क सिस्टर होत्या, त्यांच्याजवळ मी हे बोलले. त्यांनी माझं सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाल्या, "अगं, तुमच्या वसईचा संत दुभाषाच होता की. त्याला सांग." आणि स्वतःचं प्रार्थनेचं जाड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं. धर्मगुरू आणि सिस्टर दिवसाच्या ठरलेल्या वेळी ज्या प्रार्थना म्हणतात, त्यांत संतांच्या दिवशी त्या त्या संताबद्दलचं एक वाचन असतं. ६ फेब्रुवारीचं पान त्यांनी उघडून दिलं. मी ते दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं.

ते सांगायच्या आधी त्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती नीट माहीत असायला हवी. गोन्सालोचा जन्म १५५७च्या सुमारास वसईतला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. वसई किल्ल्यात येशूसंघाच्या (जेझुइट) धर्मगुरूंकडे तो शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. मुलाच्या वयात गेला म्हणून भाषा अंगात भिनली. लोकांना धर्मशिक्षण द्यायचं काम तो करायचा. येशूसंघात आपल्याला घ्यावं ही त्याची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग त्याने व्यापार केला आणि तो चांगला चालला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा भाग आपण फार झटकन ओलांडतो. नाकारला गेलेला, पैसा मिळवू लागलेला, सुखाने म्हातारा होऊ शकला असता असा माणूस. तो मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. धर्मगुरू नाही. त्याने कधी मिस्सा अर्पण केली नाही, कुणाचं पापनिवेदन ऐकलं नाही. ब्रदर, शेवटपर्यंत.

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील पाठवले. त्यांचे प्रमुख फादर पेद्रो बौतिस्ता, आणि त्यांच्यासोबत जपानी येणारा गोन्सालो. हिदेयोशीपुढे बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या भाषेत ठेवायचं. एक शब्द कडक झाला तर रागाचं निमित्त, एक मऊ झाला तर खोटेपणा. मी त्या बाकावर बसून हे वाचत होते आणि माझ्या कानात "जमलं तर" वाजत होतं.

फ्रान्सिस्कनांना राहायची परवानगी मिळाली. क्योतोत त्यांनी चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा सुरू केली. हे वाचलं तेव्हा मला तो एकदम आमच्या वॉर्डातला वाटला. मग १५९६मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, त्यातल्या मालावरून तंटा झाला, संशय वाढला आणि वर्षअखेरीस हिदेयोशीने धरपकडीचा हुकूम दिला. क्योतोत चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि त्यांना नागासाकीकडे चालवलं. भर हिवाळा, सुमारे ८०० किलोमीटर, जवळजवळ महिनाभर. कानाची पाळी भरपूर रक्त देते. पट्टी नाही, ऊब नाही, रोजची चाल. नर्सच्या डोळ्याला यातलं काय काय दिसतं ते मी लिहीत नाही. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात धरले गेले आणि सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघाचे, बाकी सतरा प्रापंचिक श्रद्धावंत. त्यांत लुईस इबाराकी बारा वर्षांचा.

५ फेब्रुवारी १५९७. निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस. आणि आता ते वाचन. क्रूस उभे केल्यावर कोण काय करत होतं, हे त्यात एकेकाचं नाव घेऊन सांगितलं आहे. फादर पेद्रो बौतिस्ता स्वर्गाकडे डोळे लावून निश्चल. ब्रदर मार्टिन स्तोत्रं गातायत. ब्रदर फ्रान्सिस्को ब्लांको मोठ्याने देवाचे आभार मानतायत. येशूसंघाचा जपानी ब्रदर पॉल मिकी क्रूसावरूनच प्रवचन करतो, मारणाऱ्यांना क्षमा करतो. अँथनी नावाचा पोरगा स्तोत्र म्हणतो. आणि ब्रदर गोन्सालो? तो अगदी मोठ्या आवाजात प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया म्हणत होता.

मी ती ओळ तीनदा वाचली. मोठ्या आवाजात. प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया. रोजरीनंतरची मोठ्या आयची दोन प्रार्थना, तीच, त्याच क्रमाने, तशाच आवाजात.

आता, मोठ्या आयच्या सासूला हे पान माहीत होतं असं मी म्हणणार नाही. कुणा फादरने कधी प्रवचनात सांगितलं असेल, तिथून ते घरात आलं असेल, किंवा नसेलही. पण मला त्या बाकावर रडू आलं. अनेक भाषांत वावरलेला माणूस. शब्द हेच त्याचं काम. शेवटच्या घडीला त्याच्याकडे प्रवचन नव्हतं, स्तोत्र नव्हतं. वसईत लहानपणी आईने हात जोडायला लावून शिकवलं असेल तेवढंच होतं, आणि तेच त्याने सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं म्हटलं. मग भाले आले.

त्या रात्री मी घरी आले आणि जेवणाआधी आईला म्हटलं, आज गोन्सालोला एक प्रभूची प्रार्थना आणि एक नमो मरिया म्हणू या. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग तीच आधी सुरू झाली, मोठ्याने. तेव्हापासून आमच्या घरी ती दोन प्रार्थना पुन्हा रोज आहेत. रात्रपाळीला असले तर मी वॉर्डाच्या मागच्या जिन्यात उभी राहून म्हणते. तिथे आवाज चढवता येत नाही, पण ओठ पूर्ण हलवून म्हणते. आणि रोग्याच्या नातेवाइकांशी बोलायला जाण्याआधी मनात एक वाक्य, "गोन्सालो, शब्द जसाच्या तसा जाऊ दे." त्यानंतर "जमलं तर" मी कधी स्वतःहून घातलेलं नाही. त्याऐवजी गाडीची सोय कुणाला सांगून होते का, ते आधी बघते आणि मग डॉक्टरांचा शब्द आहे तसा सांगते.

माझ्या जव्हारकडच्या एका सहकारी मैत्रिणीने एकदा मला जिन्यात पाहिलं आणि विचारलं, "तू याची पूजा करतेस का गं?" प्रश्न साधा होता, मनापासून होता. मी तिला म्हटलं, पूजा देवाचीच. याला विनंती. आपण कसं एखाद्या जाणत्या माणसाला म्हणतो, अमक्याकडे माझ्यासाठी जरा शब्द टाका, तसं. हा देवाजवळ पोचलेला आहे, आमच्या गावचा आहे, त्याने आमच्यासाठी शब्द टाकावा. लितानीत प्रत्येक नावानंतर आपण "आम्हांसाठी विनंती कर" म्हणतो ते तेच. ती म्हणाली, "मग दुभाषाच तो, तिथेही." हे मला सुचलं नव्हतं, तिला सुचलं.

मिस्सेबद्दलही सांगायचं आहे. जगभरच्या कॅलेंडरात हा दिवस "संत पॉल मिकी आणि सहकारी" या नावाने आहे. त्यांनी जीव दिला ५ तारखेला, पण ५ फेब्रुवारी संत आगाथाचा, म्हणून यांचं स्मरण ६ला. आपला माणूस त्या "सहकारी" शब्दात आहे, पंचवीस जणांतला एक. पूर्वी मला हे खुपायचं. आता नाही खुपत. पॉल मिकी त्याच मातीतला, जपानी माणसाने जपानी क्रूसावरून केलेलं प्रवचन, त्याचं नाव पुढे यावं हेच बरोबर. पण आपण वसईकरांनी त्या दिवशी देवळात श्रद्धावंतांच्या प्रार्थना होतात तेव्हा गोन्सालोचं नाव स्पष्ट घेतलं पाहिजे, हे मात्र मला कळकळीने वाटतं. त्या दिवशी धर्मगुरूंचा पोशाख लाल असतो, रक्तसाक्षींचा, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांचा, रंग. वाचन गलतीकरांसच्या पत्रातलं, मी ख्रिस्ताबरोबर क्रूसावर खिळला गेलो आहे, हे. शुभवर्तमान मत्तयचं शेवटचं, सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, हे. दोन्ही त्याला अंगरख्यासारखी बसतात. २००८ साली ६ फेब्रुवारीलाच राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, आला होता. जांभळा पोशाख, कपाळाला राख, गोन्सालोच्या वाट्याला काही नाही. तेव्हा मी ते नुसतं पाहिलं होतं. आज तसं झालं तर घरातली दोन प्रार्थना तरी नक्की होतील.

आणि एक तारीख मला फार आवडते. १६२७ साली तो आणि त्याचे सहकारी धन्यवादितांत (संतपदाच्या आधीच्या पायरीवर) गणले गेले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी रोममध्ये सव्वीसही जणांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला संत तोच. त्या वर्षी ८ जूनला पेन्टेकॉस्ट होता. पवित्र आत्मा उतरला आणि प्रत्येकाला प्रेषितांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू आलं, तो सण. दुभाषाला संतपद मिळायला याहून चांगला दिवस कुठला?

नागासाकीला मी गेलेले नाही. निशिझाका टेकडीवर १९६२ साली उभारलेलं स्मारक आहे, त्यावर सव्वीसही जणांच्या ब्राँझच्या मूर्ती ओळीने आहेत. शिल्पकार यासुताके फुनाकोशी. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस तिथे जाऊन प्रार्थना करून आले, ते आम्ही सगळ्यांनी घरी बसून पाहिलं. आई टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली होती आणि त्या ओळीत आपला कुठला ते शोधत होती. आम्हाला जाता येतं ते वसईच्या किल्ल्यात. १७३९ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला त्यानंतर तिथली देवळं ओस पडली. भिंती आहेत, कमानी आहेत, वडा-पिंपळाच्या मुळ्या दगडांत गेलेल्या आहेत. सुट्टी असली की मी सकाळी ऊन चढायच्या आत जाते. एखाद्या छत नसलेल्या देवळात उभी राहते आणि तिथे मात्र पूर्ण आवाजात म्हणते. फोटो काढायला आलेली पोरं वळून बघतात. बघू देत. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याने ही प्रार्थना याच भिंतींच्या आत म्हटली असणार.

उद्यापासूनचं आमचं साधं आहे. नऊ दिवस, सात वाजता, रोजरी, मग नोव्हेनाची प्रार्थना, मग ती दोन. प्रत्येक दिवस घरातल्या एकाकडे, तो पुढे म्हणणार, बाकीचे मागून. भाऊ कुवेतला असतो, त्याचा दिवस चौथा, तो फोनवरून म्हणेल. माझी ३१ तारखेला रात्रपाळी आहे, म्हणून मी पाचवा घेतला. नवव्या दिवशी, ५ला, आई. सव्वीस मेणबत्त्या एका परातीत वाळू घालून लावायच्या, ही तिचीच कल्पना.

पहिला दिवस भावाच्या मुलाकडे. सात वर्षांचा आहे. प्रार्थना दोन्ही तोंडपाठ, पण चारचौघांत आवाज घशातच राहतो. आज संध्याकाळी आईने त्याला ओट्यावर उभं केलं आणि स्वतः काठी टेकत वाडीतून पार विहिरीपर्यंत गेली. मध्ये केळींच्या चार रांगा. तिथून ओरडली, "हां, म्हण आता. मला इथवर ऐकू आलं पाहिजे."

पहिल्यांदा नाही आलं. दुसऱ्यांदा तिने हात वर केला.